वारा मीठ वाटणार नाही

वारा पहाटेच फिरला. कालपर्यंत तळपाय भाजणारी वाळू आज गार लागत होती आणि ओढ्याकाठच्या झाडांवर पिवळी पानं दिसू लागली होती. हॉस्कीनं पेटीतून जाकीट काढलं, डोंगराकडून येणारा गारवा छातीभर घेतला आणि सत्तरीच्या वयात उगाचच खूश झाला.

खूश असला तरी बाळापासून मात्र तो चार हात लांबच उभा राहिला. त्याच्या भाचीची, लोरिनची, मुलगी नाझबा. पाळणा म्हणून वापरायच्या फळीला घट्ट बांधून तिला पिकअपच्या चाकाशी टेकवून ठेवलं होतं. तिच्यासमोर हॉस्कीनं अख्ख्या उन्हाळ्यात साधी जीभसुद्धा बाहेर काढली नव्हती. कारण उघड होतं. त्यांच्यात रीतच होती: बाळाला पहिल्यांदा जो हसवेल त्यानं वस्तीला जेवण घालायचं, आणि बाळाच्या हातून प्रत्येकाला खडेमीठ द्यायचं. हॉस्कीच्या घरी तर पाहुण्याला कॉफीसुद्धा पातळ मिळायची.

"मामा, गवतावर ताडपत्री बांध, उडेल ती!" लोरिन आतून ओरडली. "आणि पोरीकडे बघ जरा. माझे हात पिठाचे आहेत."

"बघतो, बघतो," असं म्हणत हॉस्की बाळाकडे पाठ करून ताडपत्रीला भिडला.

एक टोक बांधलं तोच वाऱ्यानं दुसरं उचललं. हॉस्कीनं ते धरलं. वाऱ्यानं हॉस्कीला धरलं. ताडपत्री त्याच्या डोक्यावरून आली, कमरेला गुंडाळली गेली, आणि तो गरगर फिरून गवताच्या भाऱ्यांमध्ये बदकन बसला. शिव्या देत त्यानं तोंड बाहेर काढलं, तर समोर नाझबा हसत होती. नुसतं ओठ हलवणं नव्हे, चांगलं आवाज करून, पोट हलवून हसत होती.

हॉस्कीनं इकडेतिकडे पाहिलं. लोरिन आत. त्याची थोरली बहीण बेसी मेंढवाड्यापाशी, वाऱ्यात तिला काय ऐकू जाणार! कुणी म्हणजे कुणी पाहिलं नव्हतं. गुपचूप उठावं, कपडे झटकावेत, गाठ मारावी. उद्या-परवा दुसरं कुणीतरी हसवेलच तिला.

तो उठला. गाठसुद्धा मारायला घेतली. पण ते हसू त्याच्या कानातून जाईना. इतकं गोड काही त्यानं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. शेवटी त्यानं गाठ सोडली, ताडपत्री आपणहून डोक्यावर ओढली आणि पुन्हा बदकन बसला.

नाझबा खिदळली.

"ताई! लोरिन! हसली! पोरगी हसली!" तो ताडपत्रीतूनच ओरडला.

दोघी धावत आल्या. लोरिनच्या कोपरापर्यंत पीठ होतं, डोळ्यांत पाणी.

"कुणी हसवलं?" बेसीनं विचारलं.

हॉस्कीनं ताडपत्रीतून तोंड बाहेर काढलं. "वाऱ्यानं."

"असं? मग वारा मीठ वाटायला येणार आहे का?"

"मी," हॉस्की म्हणाला. "मी हसवलं. दोनदा."

बेसी कमरेवर हात ठेवून हसत सुटली. लोरिनचा चेहरा मात्र उतरला. "आई गं! हसवणाऱ्याचा स्वभाव बाळाला लागतो म्हणतात. पोरगी मामावर गेली तर?"

हे हॉस्कीला चांगलंच लागलं. ताडपत्री बाजूला सारून तो उठला. तडक मेंढवाड्याकडे निघाला. बाळाची फळी उचलून लोरिन मागोमाग, आणि तिच्यामागे बेसी.

आधी त्यानं जेवणासाठी म्हणून कडेच्या लंगड्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवला. मग मागे वळून बघितलं. फळीवरून नाझबा डोळे मोठे करून त्याच्याकडेच पाहत होती. त्यानं लंगडीला सोडलं, कळपात शिरला आणि सगळ्यांत धष्टपुष्ट मेंढ्याच्या गळ्याला मिठी मारली. तीन वर्षं खाऊ घालून वाढवलेला मेंढा. धाकट्या भावाच्या लग्नातही त्यानं तो दिला नव्हता.

"अरे, हा?" बेसी आ वासून बघत राहिली. "शुद्धीवर आहेस ना? लंगडी काय वाईट होती?"

"हळू बोल, ताई," हॉस्की म्हणाला. "पोरगी बघतेय."