अकरा जणांचा डावा पाय

अकरावा कागद प्रिंटरमधून बाहेर आला आणि संयोगिता त्याच्याकडे बघतच राहिली. कागदावर लिहिलं होतं, ‘बाळ, वय दोन वर्षं’. पाऊल मात्र दहा नंबरचं होतं.

“आबा, हे बघा. दोन वर्षांचं पोरगं.”

आकारामआबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, हातातली कातडं कापायची रापी खाली ठेवली. चष्मा कपाळावरून नाकावर आणला. “खात्यापित्या घरचं दिसतंय,” ते म्हणाले.

कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या या घरात एकाच खोलीत चपला शिवल्या जातात आणि संयोगिताच्या संगणकावरून त्या देशभर विकल्या जातात. त्यातली कापशी, म्हणजे जाड तळाची, करकर वाजणारी वजनदार चप्पल, हे काही हलकं काम नव्हे. आबांच्या हातची कापशी घालून कुणी रंकाळ्यावर फिरला, तर ती करकर ऐकून कागलात म्हशी कान टवकारतात. असलं काम मापाशिवाय कापायचं नाही, हा घरचा रिवाज. गिऱ्हाइकानं कागदावर पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची, शेजारी रुपयाचं नाणं ठेवायचं आणि फोटो पाठवायचा. फोटोतला रुपया खऱ्या रुपयाएवढा होईल अशा बेतानं संयोगिता तो छापते. रुपया खऱ्याएवढा झाला की पाऊलही खऱ्याएवढं होतं.

ही ऑर्डर अकरा जोडांची होती, तीही सगळ्यांत महागाच्या कापशींची. पैसे कार्डावरून येऊनही पडले होते. कार्ड नागपूरच्या पूर्णिमा नावाच्या बाईंचं. चपला मात्र सुरतेच्या एका लॉजवर पाठवायच्या, त्याही तातडीनं. फोनवरचा माणूस म्हणाला, बहिणीचं कार्ड आहे, घरात लग्न आहे. असेलही. लग्नघरातली माणसं काय कुठून मागवतील याचा नेम नसतो.

पण गेल्या दिवाळीत असंच ‘असेल’ म्हणून मोठी ऑर्डर पाठवली होती. कार्ड चोरीचं निघालं. ज्याचं कार्ड त्यानं तक्रार केली, बँकेनं पैसे काढून घेतले, आणि चपला कुणाच्या पायात गेल्या ते अंबाबाईला ठाऊक. वर, कार्डाचे पैसे वळते करणाऱ्या कंपनीनं बजावलं होतं: अशी आणखी एक तक्रार आली, की तुमच्या दुकानाला कार्ड बंद. परगावची सगळी गिऱ्हाइकं कार्डावरच घेत. कार्ड बंद म्हणजे दुकानाला कुलूपच.

“मी कातडं भिजत घातलंय,” आबा म्हणाले. “पावण्यानं रीतीपरमाणं पावलं धाडल्यात की. आता काय त्येची कुंडली मागतीस?”

“फोटोत बाळाचं पाऊल बारकं दिसत होतं, आबा. पण शेजारचा रुपयाबी बारका, शर्टाच्या बटणाएवढा. लांबून काढलाय फोटो. रुपया सारखा केला, तर बाळ आजोबाएवढं झालं.”

“मोजण्यात चुकली असशील.”

“आणि ह्या करंगळ्या बघा. आजोबाची वाकडी, काकूची वाकडी, बाळाचीबी वाकडी.”

“घराणं असतंय त्ये! आपल्या घरात न्हाईत का नाकं एकसारखी?”

संयोगितानं अकरा कागद एकावर एक जुळवले आणि उजेडाकडे धरून खिडकीच्या काचेला टेकवले. अकरा पावलांची एकच रेघ झाली. आजोबा, काकू, नवरदेव, बाळ, सगळे एका डाव्या पायावर उभे होते.

आबांनी बराच वेळ खिडकीकडं बघितलं. मग भिजत घातलेल्या कातड्याकडं बघितलं.

“लाव फोन,” ते म्हणाले. “मी बोलतो.”

पलीकडच्या माणसानं लगेच उचलला. “निघालं का पार्सल?”

“निघतंय की, पावणं. पावलं झ्याक हाईत. फकस्त सगळी डावीच हाईत. उजवी धाडा की.”

“डाव्यावरूनच करा ना. सारखीच असतात.”

“व्हय, त्येबी खरं. बरं, बाळाची शिवून झालीया. जरा बाळाला फोनवर द्या. नव्या वहाणेचं वझं झेपंल का, त्येलाच इचारतो.”

पलीकडं थोडा वेळ नुसता पंखा फिरत राहिला. मग पंखाही ऐकू येईनासा झाला. पुन्हा लावला तर फोन बंद.

संयोगितानं त्याच घडीला पैसे आल्या कार्डावर परत फिरवले आणि कंपनीला कळवलं, हे कार्ड चोरीचं दिसतंय, मालकिणीला सांगा. नागपूरच्या पूर्णिमाबाईंना तोवर आपलं कार्ड लग्नाला निघालंय याचा पत्ताही नव्हता.

राहिलं भिजलेलं कातडं. आबा ते वाया थोडंच घालवणार! त्यांनी त्या मापाची एकच चप्पल शिवली, डावी, करंगळीपाशी नेमका बाक दिलेली, आणि दाराशेजारच्या खिळ्याला टांगली.

पुढच्या पंधरवड्यात कंपनीचा माणूस दुकान तपासायला आला. धैर्यशील नाव, बूट बाहेर काढून आत आला, दोन वेळा चहा घेतला. “काळजी करू नका, ताई. तुमचं कार्ड चालू राहील,” म्हणाला. खुर्चीत बसल्या बसल्याच त्याची नजर खिळ्यावर गेली.

“ही एकटीच कशी?”

संयोगितानं सगळं सांगितलं. धैर्यशील पोट धरून हसला. तेवढ्यात आबांनी चप्पल खाली काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि नीट त्याच्या पुढ्यात ठेवली.

“घालून बघा की, सायेब. बसली तर फुकट.”

धैर्यशील हसतच राहिला, आणि हसता हसता त्यानं डावा पाय खुर्चीखाली ओढून घेतला.