अकिंचन

काकासाहेब मास्तरांनी स्पिरिटच्या दिव्यावर पितळी गोळा तापवला, कडीवर ठेवला आणि वर्गाला दाखवला. मघाशी त्याच कडीतून आरपार जाणारा गोळा आता वरच अडकून बसला होता. आठवीची पोरं माना उंचावून बघत होती. मागच्या बाकावरचे, शाळा तपासायला आलेले इन्स्पेक्टर साहेबही जरा पुढं झुकले. इथपर्यंत सगळं झकास झालं होतं. आता फक्त बोलायचं होतं, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

तेरा वर्षं मास्तरांनी हा प्रयोग औरंगाबादच्या याच शाळेत उर्दूतून शिकवला होता. स्वतः शिकलेही उर्दूतूनच. मराठी होती ती गावी पिशोरला, घरात आणि शेतात. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि यंदापासून विज्ञान मराठीतून शिकवायचा हुकूम आला. बाळबोध अक्षरं मास्तर अजून लेकीच्या अंकलिपीवरून गिरवत होते. म्हणून नव्या पुस्तकातले शब्द त्यांनी दुसऱ्याकडून वाचून घेतले आणि उर्दू लिपीत चिठ्ठीवर उतरवले. त्या लिपीत ऱ्हस्व उकार-इकार बहुधा लिहीत नाहीत, घाईत 'आ'वरची खूणही राहून जाते. वाचणाऱ्यानं ओळखून घ्यायचे. आज साहेबांची खात्री पटली तर विज्ञान मास्तरांकडं राहणार होतं, नाहीतर जाणार होतं.

घाम पुसत मास्तरांनी चिठ्ठी वाचली. "उष्णतेनं धातू... प्रसरण पावतो. आणि थंड झाला, की अकिंचन पावतो."

साहेब हसले. "आकुंचन, मास्तर. अकिंचन म्हणजे दरिद्री."

वर्ग खो खो हसला. मास्तरांचे कान तापले, आणि त्या गडबडीत ते बोलून गेले, "हरारत से धात फैलती है, ठंडक से सिकुड़ती है." किती साफ, किती सोपं! पोरं गप्प झाली. निम्म्यांना ते कळलंही होतं.

"मराठीत," साहेब म्हणाले. "आणि फळ्यावर लिहा."

मास्तरांनी खडू उचलला. हात उर्दूच्या सवयीनं फळ्याच्या उजव्या कडेला गेला आणि तिथंच थांबला. या वेळी कुणी हसलं नाही. ते मास्तरांना जास्त लागलं.

तास संपला. साहेब हेडमास्तरांच्या खोलीत गेले, पोरं पाणी प्यायला पळाली. थोड्या वेळानं शाळेचा शिपाई कडूबा आला आणि दाराशीच घुटमळला. तेवढ्यात निवलेला गोळा आपसूक कडीतून खाली घसरला आणि टण्ण वाजला.

"आँ! मघाशी खिडकीतून पाह्यलं, तवा तं अडकला व्हता," कडूबा म्हणाला. मग त्याचं त्यालाच उमगलं. "व्हय की! तापला तवा फुगला, निवला तसा आवळला. गाडीच्या चाकाची धावच की वो ही."

मास्तर बघतच राहिले. धाव! पिशोरला लोहार धावेचं लोखंडी कडं गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचा, लाकडी चाकावर चढवायचा, आणि सात वर्षांचा काक्या वरून पाणी ओतायचा. चर्र आवाज व्हायचा आणि धाव चाकाला घट्ट बसायची. फुगणं, आवळणं. हे शब्द तर त्यांच्या घरातलेच होते. वर्गातल्या किती पोरांनी गावाकडं धाव बसवताना पाहिली असेल! मास्तर उठून उभेच राहिले.

"कडूबा, पळ! साहेब अजून गेले नसतील. म्हणावं, फक्त पाच मिनिटं, पुन्हा एकदा..."

कडूबा हलला नाही. त्यानं खिशातून एक शिट्टी काढली आणि गोळ्याशेजारी टेबलावर ठेवली.

"हेडमास्तरांनी दिली. उद्यापासून कवायत तुमच्याकडं हाये," तो खाली बघत म्हणाला. "म्हणले, हिला भाषा लागत नाय."