माफीचा रविवार

दिंको वेलिकाच्या दारात उभा राहिला आणि नेहमीसारखी त्याची जीभ टाळ्याला चिकटली.

ईस्टरच्या मोठ्या उपासाआधीचा हा रविवार. धाकट्यांनी थोरांच्या दारी जायचं, माफी मागायची. थोरांनी माफ करून टाकायचं. वेलिका त्याच्याहून जेमतेम वर्षाने मोठी, पण दर वर्षी तिच्या दारी यायला दिंकोला तेवढं निमित्त पुरे होतं. एरवी हा गडी तिच्यासमोर चकार शब्द काढायचा नाही. बाजारात ती दिसली तर गल्ली बदलायचा. गावाला वाटायचं, माणूस शिष्ट आहे.

आज मात्र बोलणं भाग होतं. उद्या वेलिकाचा मुलगा आईला कायमचं स्पेनला नेणार होता. ओसरीवर बॅगा बांधून तयार होत्या.

"माफ कर, वेलिका."

"माफ केलं. देवही करो." तिने ठरलेलं उत्तर दिलं आणि पांढऱ्या हलव्याची बशी पुढे केली.

त्याने हलवा घेतला नाही. "कशाबद्दल, ते विचार ना," तो म्हणाला.

असं गावात कुणी विचारत नसे. विचारणं म्हणजे मागणाऱ्याला उघडं पाडणं. तिला हसू आलं, पण त्याचा चेहरा पाहून तिने बशी खाली ठेवली. "बरं, सांग. कशाबद्दल?"

मग दिंको बोलला. अडखळत, जमिनीकडे बघत, पण थांबला नाही. तरुणपणी तिला मागणी घालायला निघून तो तिच्या माहेरच्या फाटकातूनच परत फिरला होता. पुढे तिचा नवरा वारल्यावर पुन्हा यायचं म्हणत राहिला, तेव्हाही धीर झाला नाही. ती त्याला तेव्हा आवडायची, अजूनही आवडते. सगळं सांगून झालं आणि त्याच्या लक्षात आलं की आपण तिच्या डोळ्यांत बघून बोलतोय. एवढंच तर करायचं होतं, असं त्याला वाटलं.

वेलिका ओसरीच्या पायरीवर बसली. आतून मुलाने कोण आलंय म्हणून विचारलं, पण ती दिंकोकडेच बघत होती.

"दर वर्षी या दिवशी मी डोक्याला नवा रुमाल बांधून तुझी वाट बघत बसायचे," ती म्हणाली. "तू यायचास, माफी मागायचास आणि मी आपली माफ करून टाकायचे. कशाबद्दल ते कळलं असतं ना दिंको, तर माफ केलं नसतं. हाताला धरून आत घेतलं असतं."