वाकळीला मुंग्या

दुपारी तीनला विद्यापीठाच्या कलादालनात, भिंतीवर टांगलेल्या वाकळीला मुंग्या लागल्या. जमिनीपासून निघालेली रांग भिंत चढून थेट डाव्या कोपऱ्यात, निळ्या चौकड्यांच्या तुकड्यात शिरत होती.

दोन विद्यार्थी समोर उभे होते. "काल मुंग्या नव्हत्या ना? काय सुचलंय पण आश्लेषाला!" एक म्हणाला. दुसरा रांगेचा व्हिडिओ घेत होता.

महानंदा झाडू धरून दाराशीच थांबली.

वाकळ आश्लेषाची. पुण्याहून कला शिकायला आलेल्या या मुलीनं कॅम्पसवर झाडलोट करणाऱ्या बायकांकडून एकेक जुना कपडा मागून ती शिवली होती. एक कोपरा मुद्दाम उघडा ठेवला होता. तो आता शिवलेला होता. बारीक, सरळ टाके. तिचे नव्हते.

दालनाचे व्यवस्थापक गिरीराज आश्लेषाला घेऊन, घड्याळ बघतच आले. "चारला ही वाकळ दिल्लीच्या प्रदर्शनाला निघणार आणि आता मुंग्या! अक्का, कुणी शिवलं हे?"

"मीच, सर. काल सांजच्याला."

"हात लावू नये म्हणून बोर्ड आहे. तीन भाषांत आहे!"

"कपड्याला हात लावल्याबिगर शिवायचं कसं, सर?"

आश्लेषाला हसू आलं आणि लगेच रागही. "मावशी, अहो तो कोपरा ओपनच ठेवायचा होता. तोच तर पॉइंट होता. आत काय घातलंत?"

"भाकरीचा कुटका. वर गुळाचा खडा." महानंदाचा आवाज खाली गेला. "वाकळ उपाशी ठेवत न्हाईत, ताई. पोटात घास घालायचा, मग शेवटचा टाका. माझी आई तसंच करायची."

"पण याच कोपऱ्यात का?"

"त्यो तुकडा सुप्रीताचा. माझ्या लेकीचा. शाळेचा स्कर्ट."

"कुठं असते ती?"

"घरातनं गेली त्याला दोन वर्षं झाली. फोन लागत न्हाई." ती झाडूच्या काड्या सारख्या करत राहिली. "जेवलीस का म्हणून विचारायचं तरी कुणाला?"

आश्लेषानं पिशवीतून छोटी कात्री काढली. कोपरा तळहातावर घेतला. आतला कडक तुकडा बोटांना लागला. मुंग्या तिच्या मनगटावर चढल्या, तिनं झटकल्या नाहीत.

"उसवा, फवारा मारा, संपवा," गिरीराज आपल्या कानडी वळणानं म्हणाले. "स्वल्प लवकर. टेम्पोनं मारतहळ्ळी सोडलंय, पोचेलच. आणि अक्का, तुम्ही लायब्ररीचे जिने झाडायला घ्या, जा."

"ताई..." महानंदा म्हणाली. मग झाडू घेऊन गेली.

जिने तीन मजल्यांचे होते. ती परतली तेव्हा पावणेपाच झाले होते. भिंत रिकामी होती, दालनात कुणी नव्हतं. टेम्पो चार दहाला गेल्याचं वॉचमननं सांगितलं. कोपरा उसवला की नाही, त्याला माहीत नव्हतं. आश्लेषाही टेम्पोबरोबरच गेली होती.

महानंदानं भिंतीखालचा केर काढला आणि सुपलीत निरखून बघितला. दोऱ्याचं टोक नव्हतं. भाकरीचा कणही नव्हता. कचऱ्याचा डबा बघायला गेली, तर तो आधीच कुणीतरी रिकामा केलेला.

मुंग्यांची रांग अजून भिंत चढत होती. कोपरा जिथं होता तिथपर्यंत जात होती आणि तिथंच घुटमळत होती.