जुईची वाइन

लालबागला यतीनच्या खोलीवर आम्ही मित्रमंडळी वेगवेगळ्या वाइन घेऊन जमलो होतो. नाशिकची द्राक्षाची, वसईची घरगुती जांभळाची, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीची, शिवाय मधाचीही एक. घोट घेतल्यावर आम्हाला 'गोड' नाहीतर 'आंबट' एवढंच सुचायचं. जुई मात्र चहाच्या ग्लासातली वाइन नाकाशी धरून डोळे मिटायची. "यात अढीतला आंबा आहे... मागून ओलं कौल." आम्हीही डोळे मिटून तिच्या मागोमाग कोकणात जायचो. जांभळाच्या वाइनमधून ती आम्हाला होडीने खाडीपार नेत होती, तेवढ्यात यतीन ओरडला, "खोबरं करपलं!" मटणाच्या वाटणाचं खोबरं गॅसवर काळंठिक्कर झालं होतं, आणि गॅसच्या सगळ्यांत जवळ जुईच बसली होती. तिने ग्लास खाली ठेवला. "कोविडपासून मला कसलाच वास येत नाही रे. आठवून सांगते." यतीनने तिच्या ग्लासात मधाची ओतली आणि डोळे मिटून म्हणाला, "सांग."