जुईचा दम

शांत घरात जुईनं वाटीवर चमचा वाजवला आणि तिच्या आईनं, तेजलनं, 'कबड्डी, कबड्डी' सुरू केलं. पूर्वी एका दमात ती ओट्यापासून अंगणात जाऊन परत यायची. आज चौतिशीत दम उंबऱ्यापाशीच सुटला. संघाची निवड शनिवारी होती.

"आउट!" सात वर्षांची जुई ओरडली. "थांब, डॉक्टरकाकूंना सांगते, माझा दम हिला द्या म्हणून."

पेशींना ताकद पुरवणाऱ्या तंतुकणिका मुलांना आईकडूनच मिळतात. आता त्यातल्या थोड्या आईला परत घेता येत आणि तिचा तरुणपणीचा दम एका हंगामापुरता परत येई. फक्त मुलाला स्वतः हो म्हणावं लागे. तेच विचारायला डॉक्टरकाकू दुपारी येणार होत्या.

"अगं, पण मग तुला लवकर धाप लागेल. कायमची."

"लागू दे की! तू जिंकून ये."

जुई 'कबड्डी, कबड्डी' म्हणत अंगणात गेली, त्याच दमात परत आली आणि लालबुंद होऊन आईच्या कुशीत शिरली. तेजलच्या तळहाताखाली तिची छाती धडधडत होती.

"आई, मी तुझ्याएवढी झाले की मला माझा दम परत देशील ना?"