यांकारीचे फोटो

हत्तीचा एकोणिसावा फोटो टीव्हीवर आला तेव्हा ॲलॉयसियसने ताट बाजूला सारलं. भूकच मेली होती त्याची.

फोटो दाखवत होता स्टॅन्ली. ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत दोघे एकाच कारखान्यात, वसईत दोघे एकाच पॅरिशचे. फरक इतकाच, की ॲलॉयसियस अकरा वर्षं स्टोअर सांभाळत बसला आणि स्टॅन्लीला अर्बाबने, म्हणजे कारखान्याच्या अरब मालकाने, जानेवारीत यंत्रं बसवायला नायजेरियाला पाठवलं. काम आटोपल्यावर पठ्ठ्या चार दिवस यांकारीच्या जंगलात राहून आला. तेव्हापासून दर शुक्रवारी कोणाच्या ना कोणाच्या घरी तेच फोटो. आज पाळी ॲलॉयसियसच्या घराची.

"ह्या विहिरी बघा," स्टॅन्ली म्हणाला. "शेकडो वर्षं जुन्या. दगडात खोदलेल्या आणि आतून एकमेकींना जोडलेल्या. आणि हा गरम पाण्याचा झरा. आपण पोहून बाहेर येईपर्यंत माकडं डबा पळवतात."

सगळे हसले. ॲलॉयसियसच्या अंगाचा मात्र तिळपापड होत होता. हाच माणूस कालपरवापर्यंत त्याच्या खिडकीशी नटबोल्ट मागायला उभा राहायचा.

"सगळ्या फोटोंत तूच आहेस," तो म्हणाला. "काढले कोणी?"

"गाईडने."

"खरंच गेला होतास, की मस्कतमध्ये पडद्यासमोर उभा राहिलास?"

स्टॅन्लीने शांतपणे पाकिटातून एक पिवळं कार्ड काढलं. पीतज्वराची लस घेतल्याचं. हे नसेल तर नायजेरियात विमानतळाबाहेर पाऊल टाकू देत नाहीत, आणि आफ्रिकेला जायचं नसेल तर इकडे ही लस कोणी टोचून घेत नाही, असं त्याने सगळ्यांना समजावलं. कार्ड हातोहात फिरलं. ॲलॉयसियसची बायको सबीना तेवढ्यात कॉफी घेऊन आली. तिने कार्डाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. निदान आपल्या बायकोला तरी ह्या फुशारकीचं कौतुक नाही, ह्या विचाराने त्याला जरा बरं वाटलं.

पाहुणे गेल्यावर त्याने जाहीर केलं, की ईदच्या सुट्टीत आपण दोघं यांकारीला जायचं. चार नाही, चांगले सहा दिवस. मग शुक्रवारी फोटो कोण दाखवतो ते बघू.

"मला नाही यायचं," सबीना म्हणाली. "काय त्या धुळीत ठेवलंय?"

तो हसला. एवढ्या जंगलात कसली आलीय धूळ? बिचारीला फिरणं ठाऊकच कुठे होतं. तिचा प्रवास म्हणजे वसई. नाताळ झाल्यावर आईच्या मोतीबिंदूसाठी बारा दिवस गेली, तेव्हा तिकडे फोनसुद्धा धड लागत नव्हता. सासूशी त्याचं बोलणं लग्नापासूनच बंद, त्यामुळे ऑपरेशन कसं झालं ते विचारायचंही राहून गेलं होतं. आपण स्टॅन्लीवर जळत राहिलो आणि बायकोला कधी कुठे नेलं नाही, हे त्याला पहिल्यांदाच टोचलं. आता ती नको म्हणाली तरी तिला न्यायचंच.

रविवारी काम सुटल्यावर तो सबीनाला न सांगता दवाखान्यात गेला. काउंटरवर सोलापूरची कलावती नर्स होती. तिच्यापुढे त्याने दोघांची रेसिडेंट कार्डं ठेवली आणि ऐटीत सांगितलं, की नायजेरियाला जायचंय, पिवळी कार्डं दोन हवीत, आणि मिसेसना इतक्यात कळता कामा नये, सरप्राइज आहे.

कलावतीने दोन्ही नंबर संगणकात घातले.

"तुमचं आजच करून टाकू," ती म्हणाली. "मॅडमना नको."

"अहो, ती पण येतेय."

"येऊ देत ना. एकदा घेतली की ही लस जन्मभर पुरते," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "त्यांनी डिसेंबरातच घेतलीय."